सोमेश्वर, शिलाहार

सोमेश्वर, शिलाहार : (कारकीर्द सु. १२५५–६५). उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील अखेरचा राजा. देवगिरीचा यादव राजा महादेव याच्याशी झालेल्या संघर्षात त्याचा समुद्रात अंत झाला आणि सु. साडेचार शतके टिकलेली उत्तर कोकणची शिलाहार सत्ता संपुष्टात आली. त्याच्या स्वतःच्या काळातील ज्ञात पुरावा प्रामुख्याने उरण परिसरातील दोन शिलालेखांचा असून त्याच्या मृत्यूचा वृत्तांत मात्र त्याच्या शत्रूच्या दरबारी लिहिला गेला. त्यामुळे त्याच्या चरित्राचा विचार करताना साधनांचे मूल्यमापन विशेष महत्त्वाचे ठरते.

पूर्वपीठिका : शिलाहारांची तीन प्रमुख घराणी महाराष्ट्रात होऊन गेली : उत्तर कोकण, दक्षिण कोकण आणि कोल्हापूर. तिन्ही घराणी आपला वंश विद्याधर जीमूतवाहनापासून सांगत. गरुडाच्या भक्ष्यस्थानी पडणाऱ्या नागाला वाचविण्यासाठी शिळेवर स्वतःचा देह अर्पण करणाऱ्या जीमूतवाहनाच्या कथेशी त्यांनी आपल्या कुलनामाचा संबंध जोडला होता. ‘तगरपुरवराधीश्वर’ या बिरुदावरून त्यांचे मूळ स्थान तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर असल्याचे दिसते. उत्तर कोकणच्या शाखेचा संस्थापक पहिला कपर्दी हा नवव्या शतकाच्या आरंभी राष्ट्रकूटांचा मांडलिक म्हणून या प्रदेशात आला. पुरीप्रमुख चौदाशे ग्रामांचे कोकण असे या राज्याचे वर्णन कोरीव लेखांत येते. पुरी म्हणजे घारापुरी की जंजिऱ्याजवळील राजापुरी, याविषयी मतभेद आहेत. तथापि उत्तरकालात श्रीस्थानक म्हणजे ठाणे हेच राज्याचे प्रमुख केंद्र होते. आजची मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पनवेल आणि उरण हा सर्व टापू या राज्यात मोडत असे.

राष्ट्रकूटांच्या पाडावानंतर (९७३) शिलाहार बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे वागू लागले. अंबरनाथ येथील शिवालय मुम्मुणीच्या कारकीर्दीत श. ९८२ (१०६०) मध्ये पूर्ण झाले. बाराव्या शतकात पहिल्या अपरादित्याने गोव्याच्या कदंबांच्या आक्रमणातून राज्य सावरले. पुढे मल्लिकार्जुन राजाला मात्र गुजरातच्या कुमारपाल चालुक्याचा सेनापती आंबड याने युद्धात ठार केले. ही हकीकत गुजरातमधील जैन प्रबंधांतून कळते. कोकणच्या राजाच्या पराभवाची कथा विजेत्याच्या वाङ्मयातून समजावी, ही गोष्ट सोमेश्वराच्या बाबतीत पुन्हा घडलेली दिसते.

कोरीव लेख व राज्यकारभार : तिसऱ्या अनंतदेवाचा श. ११७६ (१२५४) चा लेख दिवेआगर येथे मिळाला आहे. त्याच्यामागून सोमेश्वर गादीवर आला. त्याचा पहिला लेख उरणजवळील रानवड येथील असून तो श. ११८१ (१२५९) चा आहे. दुसरा चांजे येथील श. ११८२ (१२६०) चा आहे. दोन्ही दानलेख आहेत. चांजे लेखात तत्कालीन चाडिचे म्हणजे आजच्या चांजे गावातील एका वाडीचे १६२ पारुत्थ द्रम्मांचे ठरीव उत्पन्न श्रीस्थानक येथील उत्तरेश्वर महादेवास अर्पण केल्याची नोंद आहे. झांपडप्रभू व अन्य मंत्र्यांचा निर्देशही त्यात येतो.

या छोट्या नोंदीवरून राज्याच्या व्यवस्थेची बरीच कल्पना येते. वाडीचे उत्पन्न आकारून ते नाण्यांत नोंदविले जाई, म्हणजे किनाऱ्यावरील बागायतीचा रोकड व्यवहाराशी संबंध होता. उरणच्या वाडीचे उत्पन्न खाडीपलीकडील ठाण्याच्या देवालयाला लावून देण्यात आले, यावरून खाडीच्या दोन्ही तीरांवरील गावे एकाच महसुली व धार्मिक व्यवस्थेत गुंफलेली होती, असे म्हणता येते. राज्यावर संकट घोंघावत असतानाही स्थानिक कारभार सुरळीत चालू असल्याचे या लेखांवरून दिसून येते. सोमेश्वर स्वतःस कोकणचक्रवर्ती म्हणवीत असे. हे बिरुद त्याच्या सामर्थ्याचे माप मानता येत नाही. मात्र आपण कोणाचे मांडलिक नाही, हा दावा त्यातून स्पष्ट होतो. यादवांना हाच दावा मान्य होण्याजोगा नव्हता.

यादवांशी संघर्ष : तेराव्या शतकाच्या आरंभी यादव सिंघणाने कोल्हापूरच्या दुसऱ्या भोजाचा पराभव करून तेथील शिलाहार राज्य खालसा केले. दक्षिण कोकणची शाखा त्यापूर्वीच लोपली होती. त्यामुळे घाटमाथ्यावर यादवांचे अखंड वर्चस्व आणि घाटाखाली उत्तर कोकणचे एकाकी शिलाहार राज्य अशी स्थिती निर्माण झाली. ठाणे, सोपारे आणि चेऊल ही बंदरे या राज्याच्या हाती होती. अरबस्तान व इराणकडून येणारे घोडे आणि देशावरून जाणारा माल यांच्या व्यापारामुळे ही बंदरे घाटावरील कोणत्याही सत्तेस मोलाची होती. यादव कृष्णाच्या कारकीर्दीत (१२४६–६१) त्याचा सेनापती मल्ल याने शिलाहारांवर विजय मिळविल्याचा दावा केला आहे. परंतु त्यामुळे राज्याच्या सीमेत फरक पडलेला दिसत नाही. कृष्णानंतर त्याचा भाऊ महादेव गादीवर आला (१२६१) आणि त्याने हा प्रश्न कायमचा निकालात काढण्याचे ठरविले.

या मोहिमेचा वृत्तांत महादेवाचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने आपल्या चतुर्वर्गचिंतामणी या ग्रंथाच्या व्रतखंडातील राजप्रशस्तीत दिला आहे. त्यात दोन कल्पना आढळतात. एकीनुसार, समुद्रात पोहण्यात निष्णात असलेला सोमेश्वर महादेवाच्या मत्त हत्तींच्या मदजलाने झालेल्या नद्यांत सैन्यासह बुडाला. दुसरीनुसार, महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा समुद्रातील वडवानल बरा, असे मानून त्याने सागराचा आश्रय घेतला. अलंकार दूर केल्यास तीन गोष्टी उरतात : यादवांच्या बाजूस गजदळ होते, भूमीवर शिलाहारांचा टिकाव लागला नाही, आणि जहाजांचा आश्रय घेतल्यावर सोमेश्वराला समुद्रातच मृत्यू आला. त्याचा ज्ञात शेवटचा लेख १२६० चा आणि महादेवाचे राज्यारोहण १२६१ मधील असल्यामुळे ही घटना त्यानंतरची होय. वा. वि. मिराशी यांनी ती सु. १२६५ मधील मानली आहे.

एकसरचे वीरगळ : बोरिवलीजवळील एकसर येथे सहा भव्य वीरगळ आहेत. त्यांपैकी काहींवर वल्ह्यांनी चालविलेल्या नौकांच्या रांगा, नौकांवरील योद्धे आणि वीरगतीस गेलेल्यांचा स्वर्गवास कोरला आहे. महाराष्ट्रात नाविक युद्धाचे इतके सविस्तर शिल्पांकन क्वचितच आढळते. मिराशी यांच्या मते हे शिल्पांकन सोमेश्वर व महादेव यांच्या युद्धाचे असून एका पटातील हत्ती यादवांच्या गजदळाचे सूचक आहेत. अन्य काही अभ्यासक शैलीच्या आधारे हे वीरगळ अकराव्या-बाराव्या शतकांतील मानतात. शिळांवर राजाचे नाव वाचता येत नसल्याने हा निष्कर्ष अनुमानाच्या कोटीत राहतो. मात्र नौकायुद्धात मरण पावणाऱ्यांची स्मारके उभारण्याइतके त्याचे महत्त्व या किनाऱ्यावर होते, हे या शिळांनी निर्विवादपणे सिद्ध होते.

परिणाम : सोमेश्वरानंतर कोकण यादवांच्या अधिकाऱ्यांकडे गेले. रामचंद्र यादवाच्या ताम्रपटांवरून साष्टी भागात १२७२ मध्ये अच्युतनायक आणि १२९० मध्ये सर्व कोकणावर कृष्णदेव अधिकारी असल्याचे दिसते. तथापि राजकीय सत्ता बदलली तरी सागरी व्यवहार लगेच बदलले नाहीत. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटालियन प्रवासी मार्को पोलो याने ठाण्याचा उल्लेख वेगळे राज्य म्हणून केला असून तेथील राजा चाचांशी संगनमत करून लुटीतील घोडे स्वतःकडे घेत असे, असे लिहिले आहे. यावरून घाटावरील राजधानीचा किनाऱ्यावरील अंमल किती दृढ होता, याविषयी शंका घेण्यास जागा राहते. पुढे १३१८ मध्ये यादवांचे राज्यही लयास गेले आणि १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांचा ठाण्यात वध झाला, तेव्हा तेथे दिल्लीच्या सुलतानाचा अंमल होता. शिलाहारांना जिंकून मिळविलेले कोकण यादवांकडे अर्धशतकाहून थोडाच अधिक काळ राहिले.

मूल्यमापन : दोन दानलेख आणि शत्रूची एक प्रशस्ती, एवढ्या सामग्रीवर सोमेश्वराच्या गुणदोषांचा निवाडा करणे योग्य नव्हे. हेमाद्रीने त्याला पळपुटा ठरविण्यासाठी जे लिहिले, त्यातच त्याचे समुद्रावरील कौशल्य नकळत मान्य झाले आहे. भूमीवर पराभूत झाल्यावर त्याने शरण जाऊन मांडलिकी पत्करल्याचे प्रशस्तीकारही म्हणत नाही. तसे घडले असते, तर प्रशस्तीत त्याचा डांगोरा पिटला गेला असता. शिलाहारांचे बळ खाड्या, बंदरे व नौका यांत होते आणि अखेरच्या राजाने शेवटचा आश्रयही तेथेच शोधला. त्याचे दोन्ही ज्ञात लेख ज्या उरण तालुक्यात सापडले, तेथेच न्हावा-शेवा येथे १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. नवी मुंबईचा परिसर नव्याने वसविलेला म्हणून ओळखला जात असला, तरी या किनाऱ्यावरील वस्ती किमान शिलाहारकालाइतकी जुनी आहे, याची साक्ष चांजे व रानवड येथील शिलालेख देतात.