मत्स्यविनोद आणि कृष्णाकांठचा मासा

गळ टाकून मासे धरणें हा राजाचा विनोद असूं शकतो, ही कल्पना आपल्या सुशिक्षित समाजास थोडी विचित्रच वाटते. भोई पोटासाठीं जें करतो, तें करमणुकीसाठीं करावयाचें तर साहेबानेंच, अशी आपली समजूत. परंतु कल्याणीच्या चालुक्य कुळांतील तिसऱ्या सोमेश्वरानें इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासां’त ‘मत्स्यविनोद’ नांवाचें सबंध प्रकरण आहे. आणि इंग्रजांस ज्याचा एवढा अभिमान, तो आयझॅक वॉल्टनचा ग्रंथ निघाला १६५३ सालीं! मानसोल्लास आपणांस ठाऊक असतो तो त्यांतील जुन्या मराठी पद्यांमुळें. मत्स्यविनोदाकडे मात्र सहसा कोणी वळत नाहीं.

हें राजकुळ कृष्णाकांठास परकें नव्हतें. सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य ह्यास कऱ्हाडच्या शिलाहारकन्येनें स्वयंवरांत वरिलें, असें बिल्हण सांगतो. आणि कऱ्हाड म्हणजे कृष्णा-कोयनेचा संगम. तेथून खालीं सांगलीजवळ हरिपुरास वारणा येऊन मिळते.

सोमेश्वरानें सुमारें पस्तीस जातींचे मासे सांगितले आहेत. समुद्रांतले कोणते व नदींतले कोणते, खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, कोणास काय खावयास आवडतें, दोरी व काठी कशी असावी, हें सारें त्यांत आहे. एवढें बारीक ज्ञान राजवाड्यांत जन्मलें असेल हें संभवत नाहीं. श्लोक राजाचे, विद्या कोळ्या-भोयांची, असेंच मला वाटतें.

सातशें वर्षांनीं पुन्हां तेंच घडलें. मुंबई सरकारचा स्टॅटिस्टिकल रिपोर्टर कर्नल साइक्स १८२४ ते १८३१ पर्यंत दख्खन हिंडला, आणि १८३९ च्या सुमारास येथील माशांचीं वर्णनें त्यानें प्रसिद्ध केलीं. ‘खुद्री’, ‘शिंगटी’, ‘कोळस’ हीं लोकांच्या तोंडचींच नांवें त्यानें लॅटिन पोषाख चढवून शास्त्रांत नेलीं. ज्या भोयांनीं तीं सांगितलीं, त्यांचीं नांवें कोठें राहिलीं?

ही खुद्री म्हणजे दख्खनी महाशीर. साहेबलोक महाशीरास ‘हिंदी सालमन’ म्हणत. कोंकणांतल्या रावसासही तेंच नांव चिकटलें आहे. वस्तुतः दोघेही सालमनच्या कुळांतले नव्हेत. खरा सालमन नदींत जन्मतो, समुद्रांत वाढतो व अंडीं घालण्यास पुन्हां नदीकडे फिरतो. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हौशी लोक वाळूंत, खाऱ्या पाण्यांत उभे राहून, पिसांची व रेशमाची खोटी माशी फेंकून त्यास ह्या परतीच्या वाटेवर गांठतात. महाशीर समुद्र कधीं पाहत नाहीं. परंतु पावसाळ्यांत तोही पुराच्या पाण्याबरोबर वर चढतो आणि गोट्यांच्या स्वच्छ वाहत्या पाण्यांत अंडीं घालतो. साम्य असेल तर तें एवढेंच.

स्वातंत्र्यानंतर हीच वाट कोयनेवर देशमुखवाडीच्या धरणानें व कृष्णेवर वाईच्या वर धोमच्या धरणानें अडली. विजेचा व उसाचा लाभ कोणी नाकारीत नाहीं. माशास वर जावयास मार्ग ठेवावा हें मात्र कोणास सुचलें नाहीं. पुढें १९७० नंतर लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीनें खुद्रीचीं पिलें कृत्रिम रीतीनें वाढविलीं आणि तीं दूरदूरच्या नद्यांत सोडण्यांत आलीं. त्यांत कावेरीही होती. तेथें हा पाहुणा असा माजला कीं, पाठीस कुबड असलेला तेथला मूळचा महाशीर मागें हटत गेला. त्याची शास्त्रीय ओळख निश्चित झाली ती २०१८ सालीं; तोंवर तो जवळजवळ संपत आला होता.