८ सप्टेंबर : आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन

१९६५ साली याच दिवशी तेहरानमध्ये निरक्षरता निर्मूलनासाठी शिक्षणमंत्र्यांची जागतिक परिषद सुरू झाली. १९६७ पासून युनेस्कोतर्फे हा दिवस पाळला जातो. महाराष्ट्रात मात्र जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली ती १८५५ मध्येच. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यातील सुमारे ८८ टक्के पुरुष साक्षर, तर स्त्रिया जेमतेम ७६ टक्के. तिरोडा तालुक्याच्या धानपट्ट्यात रोवणीला चिखलात राबतात त्या बायाच. मजुरीची नोंद, बँकेचे पासबुक, सातबारा त्यांना स्वतःला वाचता आलाच पाहिजे. १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी 'उल्लास' हा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ पासून आहे. घरातल्या आजीचे, शेजारच्या मजूर बाईचे नाव त्यात जरूर नोंदवा.