बराकपूरचा घाट आणि मराठीचे उच्च अध्ययन

बराकपूरच्या घाटावर उभे राहिले, की हुगळीच्या पैलतीरावर श्रीरामपूर दिसते. मराठीच्या अभ्यासकाला या दोन तीरांचे स्मरण असावयास हवे. अलीकडे गव्हर्नर जनरल वेलस्ली याचे उपवन, तर पलीकडे १८४५ पर्यंत डेन्मार्कच्या अमलाखाली असलेले गाव. वेलस्लीने १८०० मध्ये कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन केले. त्याच वर्षी श्रीरामपुरात मिशनचा छापखाना उभा राहिला. पुणे-मुंबईपासून इतक्या दूर मराठीचे व्याकरण रचले गेले, ते या दोहोंच्या योगामुळेच.

विल्यम केरी १८०१ मध्ये या कॉलेजात बंगालीचे अध्यापक झाले. संस्कृत आणि मराठी यांचे अध्यापनही पुढे त्यांच्याकडे आले. श्रीरामपूरहून नावेने कलकत्त्यास जायचे आणि तेथील काम आटोपून परतायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. १८०५ मध्ये त्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले आणि १८१० मध्ये मोडी अक्षरांतील मराठी-इंग्रजी कोश. परंतु स्वतः केरींना मराठी कोणी शिकविले, हा प्रश्न आपले वाङ्मयेतिहास ओझरताच हाताळतात. कॉलेजातील मराठीचे मुख्य पंडित वैजनाथ हे हुद्द्याने साहाय्यक, परंतु वस्तुतः प्राध्यापकाचेच मार्गदर्शक होते. आज आपण ज्याला मार्गदर्शनाखालील स्वतंत्र अध्ययन म्हणतो, त्याचा हा एक आरंभीचा नमुना होय. मात्र त्यात गुरूचे नाव प्रस्तावनेत राहिले आणि शिष्याचे मुखपृष्ठावर आले.

या प्रयत्नाची मर्यादाही सांगितली पाहिजे. कॉलेजाच्या विद्यार्थ्यांसाठी सिद्ध झालेली सिंहासनबत्तिशी, हितोपदेश, प्रतापादित्याचे चरित्र ही पुस्तके मुख्यतः भाषांतरित होती. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्याला कारभारापुरती मराठी हवी होती. ज्ञानेश्वर-तुकारामांची त्याला गरज नव्हती. भाषा शिकविली गेली, परंतु ज्या संस्कृतीची ती भाषा, ती वर्गाबाहेरच राहिली.

ही उणीव भरून निघण्यास शतक लोटावे लागले. आशुतोष मुखर्जी यांच्या पुढाकाराने कलकत्ता विद्यापीठाने १९१९ मध्ये आधुनिक भारतीय भाषांत एम. ए.चे अध्यापन सुरू केले. विद्यार्थ्याने एका मुख्य भाषेबरोबर दुसरी भारतीय भाषाही अभ्यासावी, ही त्यातील अट मोलाची होती. आपल्या भाषेकडे शेजारच्या भाषेतून पाहिल्याशिवाय तिचे खरे रूप कळत नाही, ही जाणीव त्या अटीमागे दिसते. देवदत्त रामकृष्ण भांडारकर १९१७ पासूनच तेथे कारमायकेल अध्यासनावर होते.

याच वातावरणात सुरेंद्रनाथ सेन या बंगाली अभ्यासकाने मराठी आत्मसात केली. १९२० मध्ये त्यांनी सभासद बखरीचा इंग्रजी अनुवाद सिद्ध केला, १९२३ मध्ये मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथ आणि १९२८ मध्ये लष्करी व्यवस्थेवरील. केरी आणि सेन यांच्यातील भेद येथे स्पष्ट होतो. एकाने पंडिताच्या साहाय्याने परभाषेतील मजकूर मराठीत आणविला. दुसरा मराठी शिकून मूळ साधनांपर्यंत पोचला. उत्तम मार्गदर्शन विद्यार्थ्याला मूळ साधनाच्या दाराशी आणून सोडते; आत मात्र त्याने एकट्यानेच जावयाचे असते.

पुढे सेन यांनी १८५७ च्या उठावावर ग्रंथ लिहिला. तो १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या उठावाच्या कथेत बराकपूरचे स्थान अटळ आहे, कारण २९ मार्च १८५७ रोजी मंगल पांडे यांनी येथील छावणीतच शस्त्र उचलले. मराठी बखरीपासून सुरू झालेला हा अभ्यासक अखेर आपल्याच प्रांतातील या गावाशी आला. परभाषेचा अभ्यास माणसाला स्वभूमीपासून तोडतो, असे मानणाऱ्यांनी हा प्रवास ध्यानात घ्यावा.

आपल्याकडे प्रबंधांची संख्या वाढली, परंतु मराठीत संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला बंगाली किंवा कन्नड वाचता येणे ही अद्यापि अपवादाचीच गोष्ट आहे. मार्गदर्शकही तशी अपेक्षा क्वचितच करतात. १९१९ ची ती दुसऱ्या भाषेची अट आपण ओझे मानून टाळली, तर मराठीचा अभ्यास मराठीच्याच कुंपणात कोंडला जाईल. सेन यांच्याजवळ साधने आजच्याहून कमी होती. तरीही ते दुसऱ्या भाषेपर्यंत गेले. आपल्या विद्यार्थ्यांना तेथवर नेण्याचे दायित्व आता आपले आहे.