वीस लिटर शुद्ध पाणी सहा रुपयांत: गावातली ‘पाण्याची फ्रँचायझी’ चालते कशी?

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. मामा तलाव (म्हणजे माजी मालगुजारी तलाव), धानाची शेती आणि मधून वाहणारी वैनगंगा. पाण्याला इथे तोटा नाही. तरीही पिण्यासाठी वीस लिटरचा जार विकत घेणारी घरं भंडारा शहरात सहज सापडतील.

याचं कारण नागपुरात आहे. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून वाहत कन्हानमध्ये येतं आणि कन्हान पुढे वैनगंगेला मिळते. त्यात पवनी तालुक्यात गोसेखुर्द धरण झालं. 1988 मध्ये पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं होतं. धरणात पाणी साठू लागलं तसं बॅकवॉटर भंडारा शहरापर्यंत पोचलं. आधी जी घाण प्रवाहाबरोबर पुढे निघून जायची, ती आता साचून राहते. आणि शहराच्या नळाला येणारं पाणीही वैनगंगेचंच.

आता हिशोब बघा. पाच जणांच्या घराला प्यायला आणि स्वयंपाकाला दिवसाला वीस लिटर पाणी लागतं असं धरू. 20 रुपयांची लिटरची बाटली घेतली तर रोजचे 400 रुपये. घरी आरओ बसवायचा तर हजारो रुपये एकदम, शिवाय दरवर्षी फिल्टरचा खर्च. रोजंदारीवर चालणाऱ्या घराला यातलं काहीच परवडत नाही. हीच फट भरायला ‘सोशल एंटरप्राइझ’ येतात, म्हणजे सामाजिक गरज भागवणारे पण स्वतःचा खर्च विक्रीतून काढू पाहणारे उद्योग.

भंडाऱ्यातून थेट राजस्थानात जाऊ, कारण या पद्धतीचं सर्वात गाजलेलं उदाहरण तिथलं आहे. झुंझुनू जिल्ह्यातलं बगड हे उद्योगपती पिरामल कुटुंबाचं मूळ गाव. तिथे 2008 मध्ये ‘सर्वजल’ सुरू झालं. पद्धत साधी होती. पाणी शुद्ध करायचं यंत्र कंपनीचं, जागा आणि रोजची विक्री गावातल्या फ्रँचायझीवाल्याची, उत्पन्न दोघांत वाटून घ्यायचं. दुरुस्ती आणि फिल्टर बदलणं कंपनीकडे. पाणी तिथेच, गावातच शुद्ध होतं. टँकरने लांबून आणायचं नसल्यामुळे भाव कमी ठेवता येतो.

खरी करामत मात्र यंत्रावर बसवलेल्या एका छोट्या उपकरणाची होती. मोबाइल नेटवर्कवरून ते कंपनीला कळवत राहतं की किती लिटर पाणी गेलं आणि यंत्र नीट चालतंय का. त्यामुळे बिघाड ऑफिसात बसून कळतो आणि हिशोबावरून भांडण होत नाही. पुढे प्रीपेड कार्डवर चालणारी ‘वॉटर एटीएम’ आली. दिल्लीच्या सावदा घेवरा पुनर्वसन वसाहतीत तिथे 30 पैसे लिटर या दराने पाणी मिळू लागलं. म्हणजे आपल्या पाच जणांच्या घराचे दिवसाला सहा रुपये.

ओडिशात ‘स्प्रिंग हेल्थ’ने आणखी स्वस्त वाट शोधली. मानसोपचारतज्ज्ञ असलेले आणि नंतर गरिबांसाठीच्या उद्योगांत उतरलेले पॉल पोलक यांचा हा उपक्रम. यात आरओ नाहीच. गावातल्या किराणा दुकानाशेजारी सिमेंटची टाकी, त्यात क्लोरीनने शुद्ध केलेलं पाणी, आणि विक्री दुकानदाराकडे.

मग आपल्याकडची वॉटर एटीएम बंद का पडतात?

पाच रुपयांचं नाणं टाका, वीस लिटर घ्या, अशी यंत्रं महाराष्ट्रात कितीतरी ग्रामपंचायतींनी वित्त आयोगाच्या निधीतून बसवली. त्यातली बरीच आज धूळ खात आहेत. आमच्या मते गडबड देखभालीत आहे. यंत्र खरेदीला निधी मिळतो, उद्घाटनाला फोटो निघतो, पण दोन वर्षांनी मेम्ब्रेन बदलायचं पत्र कोणाच्या टेबलावर जातं? फ्रँचायझीत यंत्र बंद म्हणजे चालवणाऱ्याची कमाई बंद. त्यामुळे फोन करणारा कोणीतरी असतो.

अर्थात ही कमाई फार मोठी नाही. 100 घरांनी रोज वीस लिटर घेतलं तर 30 पैशांच्या दराने महिन्याला 18,000 रुपये जमतात. त्यातून वीजबिल, देखभाल आणि कंपनीचा वाटा गेल्यावर एका माणसाचा जेमतेम रोजगार उरतो. ग्राहक निम्मे झाले तर तोही नाही. आणि पावसाळ्यात ग्राहक घटतातच, कारण विहिरी भरतात आणि लोक फुकटचं पाणी पितात. नेमकं तेव्हाच पाण्यातून होणाऱ्या आजारांचा धोका सर्वात जास्त असतो.

दुसरी गोष्ट, आरओ प्रत्येक ठिकाणी लागत नाही. पाण्यात फ्लोराइड, नायट्रेट किंवा क्षार जास्त असतील तर आरओ कामाचा. भारतीय मानकानुसार फ्लोराइड लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमच्या, तर नायट्रेट 45 मिलिग्रॅमच्या वर नको. पण त्रास फक्त गढूळपणा आणि जंतूंचा असेल तर गाळणं आणि क्लोरीन पुरतं. शिवाय आरओ बरंच पाणी वाया घालवतो. म्हणूनच 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने, जिथे लिटरमागे विरघळलेले क्षार 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तिथे आरओवर बंदी घालायला सरकारला सांगितलं होतं. म्हणजे मामा तलावाकाठच्या गावाला आणि खोल बोअरवेलवरच्या गावाला एकच यंत्र विकणारा माणूस पाणी न तपासताच विकतोय, असं समजा.

आणि फ्रँचायझी आली म्हणून ग्रामपंचायतीची जबाबदारी संपत नाही. जलजीवन मिशनखाली माणशी रोज 55 लिटर पाणी नळाने द्यायचं आहे, आणि तेही पिण्यायोग्य. सहा रुपयेही ज्यांना जड जातात, त्यांच्याकडे नळाशिवाय पर्याय नाही.

तुमच्या गावात असं केंद्र असेल किंवा येणार असेल, तर चालवणाऱ्याला दोन गोष्टी विचारा: पाण्याची शेवटची तपासणी कधी झाली, आणि यंत्र बिघडलं तर दुरुस्तीचा खर्च कोण करणार? तपासणीचा अहवाल केंद्रावर लावलेला असावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासून मिळतो. तुमच्या ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्रोतांसाठी हिरवं, पिवळं की लाल कार्ड मिळालंय, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) किंवा गावच्या जलसुरक्षकाला विचारता येतं. लाल असेल तर पुढच्या ग्रामसभेत तो विषय घ्या.