महाराष्ट्राची वाइन: छाटणीपासून सुरुवात

वाइनवर मराठीत काही लिहिलं की काही वाचक पहिल्याच पानावर थांबतात, कारण त्यांच्या लेखी हा दारूचा विषय. काहींनी फ्रान्स-इटलीतली नावं पाठ केलेली असतात आणि निफाडचं नाव निघालं की त्यांचा उत्साह मावळतो. या प्रस्तावनेत दोघांचंही स्वागत आहे. वाइनचा अभ्यास हा मुळात शेतीचा अभ्यास आहे. एक थेंबही न पिता तो आयुष्यभर करता येतो. आणि महाराष्ट्रात तो करायचा तर परदेशी पुस्तकांतला क्रम बाजूला ठेवून खरड छाटणीपासून सुरुवात करावी लागते.

युरोपात थंडीत द्राक्षवेलीची पानं गळतात, वेल झोपते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षं काढली जातात. आपल्याकडे वेल झोपत नाही. म्हणून बागाईतदार तिला वर्षातून दोनदा छाटतो. द्राक्षं निघाली की एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. ओलांड्यावरच्या, म्हणजे आडव्या पसरलेल्या फांदीवरच्या, काड्या एकेक डोळा ठेवून कापतात. नव्या फुटीवर लगेच घड घेत नाहीत. उन्हाळ्याच्या लख्ख उजेडात त्या काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होतो, त्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. त्या दिवसांत आभाळ भरून राहिलं तर माल कमी लागणार, हे बागेत फिरणारा माणूस घड दिसण्याच्या कितीतरी आधी सांगतो. मग पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, घड आणण्यासाठीची दुसरी, म्हणजे गोडी छाटणी. त्यानंतर पोंग्यात, म्हणजे डोळे फुटताना, पाऊस सापडला की डावणी हा बुरशीचा रोग आलाच. त्यातून वाचलेले घड थंडीत भरतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी होते. युरोपात द्राक्ष पिकताना हवा थंड होत जाते, आपल्याकडे ती तापत जाते. तोडणी आठवडाभर लांबली तरी आंबटपणा उतरतो आणि वाइन मऊ, जड होते. म्हणून तोडणी लांबवत नाहीत, आणि दिवसाचं ऊन टाळायला ती भल्या पहाटे उरकतात. इथल्या वाइनच्या चवीबद्दल बोलायचं तर आधी हे कॅलेंडर समजून घ्यायला हवं.

खाण्याच्या आणि वाइनच्या द्राक्षांतही मोठा फरक आहे. थॉमसन किंवा सोनाका या खाण्याच्या जातींचे घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिडच्या) द्रावणात बुडवून मणी फुगवतात. वाइनला मात्र लहान मणी, जाड साल आणि बी लागते, कारण रंग आणि तुरटपणा तिथूनच येतो. शिराझ या वाइनच्या जातीचा घड बाजारात मांडला तर गिऱ्हाईक त्याच्याकडे वळूनही पाहणार नाही.

एकट्या नाशिक जिल्ह्यात किती तऱ्हा आहेत! इगतपुरीकडे धो-धो पाऊस. दिंडोरीचा उंच माळ, हिवाळी रात्री गार. निफाडला तर पारा कधी कधी इतका खाली जातो की पिकत आलेले मणी तडकतात. गंगापूर धरणाजवळ राजीव सामंत यांच्या सुला कंपनीच्या सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइन 2000 साली बाजारात आल्या, आणि ‘नाशिक व्हॅली’ला पुढे भौगोलिक मानांकनही मिळालं. पण नाशिक म्हणजे सगळा महाराष्ट्र नव्हे. त्याआधी, 1980च्या दशकातच, नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीनं फसफसणारी वाइन केली आणि ‘ओमर खय्याम’ या नावानं ती परदेशात विकली. अकलूजला नीरेच्या काठी कोरडी, उष्ण हवा. तिथे फ्रातेल्ली कंपनीनं सांजोवेझे ही इटलीची लाल जात लावली. महाराष्ट्राबाहेर, दक्षिणेला बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सच्या पायथ्याशी ग्रोव्हर कुटुंबानं लावलेल्या बागा आहेत. गोव्याची गोड ‘पोर्ट’ पुन्हा वेगळ्याच परंपरेतली.

राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण 2001 साली आलं. विंचूरला वाइन पार्क उभं राहिलं, शेतकऱ्यांनी वाइन कंपन्यांशी करार करून वाइनच्या जाती लावल्या. 2008 नंतरच्या मंदीत मागणी घसरली, द्राक्षं घ्यायला कुणी नाही आणि पैसे थकलेले, तेव्हा अनेकांनी उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवली. ही द्राक्षं ताटात वाढायची नव्हती, त्यामुळे दुसरं गिऱ्हाईकही नव्हतं. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याच्या निर्णयावरून रान पेटलं, तेव्हा या बागाईतदाराचं नाव दोन्ही बाजूंनी घेतलं गेलं. त्याचा करार, त्याचा भाव, त्याची जोखीम हा या अभ्यासाचा गाभा आहे असं मी मानतो.

हे मी भाईंदरजवळच्या तारोडीत बसून लिहितो आहे. तारोडी, डोंगरी, उत्तन या पट्ट्यात वाइनचे मळे नाहीत, तरी वाइन आहे. नाताळसाठी ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत बरणीत काळी द्राक्षं कुस्करतात, साखर, पाणी, यीस्ट आणि मूठभर गहू घालतात, तोंडाला फडकं बांधतात. रोज लाकडी पळीनं ढवळायचं, तीनेक आठवड्यांनी गाळायचं आणि मुरायला ठेवायचं. कुणी जांभळाची करतं, कुणी बिटाची, कुणी आल्याची. फुगे या तळणीच्या पदार्थाचं पीठही पूर्वी ताडीवरच फुगवत. किनाऱ्यानं वर गेलं की बोर्डीला चिकूची वाइन कारखान्यात होते. वाइनचे नकाशे काढणारे हा किनारा सहसा वगळतात. मला ते चूक वाटतं, कारण आंबवण्याचं ज्ञान इथे घराघरांत, बाईकडून बाईकडे आलेलं आहे आणि ते लिहून ठेवायला फार वेळ हाताशी नाही.

नव्या वाचकानं एवढं करावं: शिराझ ही एकच जात, एकाच सालची, एक नाशिकची आणि एक अकलूजची घ्यावी. वर्ष आणि गाव लेबलवर पाहावं, त्या हंगामात पाऊस कधी थांबला ते शोधावं आणि मगच चव घ्यावी. चव घ्यायची नसेल त्यानं फेब्रुवारीत दिंडोरीकडे जावं आणि तोडणी चालू असलेल्या बागेत बागाईतदाराला विचारावं, यंदा गोडी छाटणी कधी घेतली?

तारोडी, भाईंदर (पश्चिम)