बासुंदीचं पेटंट मिळेल का?

नृसिंहवाडीला दत्तदर्शन झालं की पावलं आपोआप बासुंदी नाहीतर कवठाच्या बर्फीकडे वळतात. मी पीएचडी करतोय हे कळलं की तिथे एक प्रश्न हमखास येतो, "मग आमच्या बासुंदीचं पेटंट मिळेल का रे?" उत्तर 'नाही' असं आहे. पण ते का, हे संशोधनात येणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यायला हवं.

बासुंदी तर जुनीच. समजा, तुम्ही फेणीत कोकम, लिंबू आणि मिरची घालून अगदी नवं कॉकटेल बनवलंत. १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(ई) सांगतं, की घटकांच्या गुणांची नुसती बेरीज होत असेल तर अशा मिश्रणाला पेटंट नाही. कॉपीराइट तुम्ही लिहिलेल्या मजकुराला मिळतो, कृतीला नाही. नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येतं, पण तेच पेय दुसऱ्या नावानं विकायला शेजारी मोकळा! उरतं गुपित, ते फुटेपर्यंतच टिकतं.

आता फेणीचाच इतिहास बघा. काजू मूळचा ब्राझीलकडचा, गोव्यात आणला पोर्तुगीजांनी. बोंडांच्या रसाची पहिली फेणी गाळणाऱ्याचं नाव इतिहासात नाही. पेटंटला 'कोणी आणि केव्हा' लागतं, म्हणून तो रस्ता बंद. पण १९९९ च्या कायद्यातलं भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, 'कुठे आणि कसं' विचारतं. २००९ मध्ये गोव्याच्या काजू फेणीला ते मिळालं. कृती कुलूपबंद झाली नाही, नाव राखलं गेलं.

हळदीचा किस्सा याच्या उलट. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असलेल्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं. 'आमची आजी लावायची' हा पुरावा तिथे चालत नव्हता, छापील हवा होता. सीएसआयआरने ३२ संदर्भ दिले. त्यात संस्कृत ग्रंथ होते, तसा १९५३ चा एक वैद्यकीय शोधनिबंधही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं.

यात तुमच्यासाठी एक इशारा आहे. जो छापील कागद दुसऱ्याचं पेटंट पाडतो, तोच तुमचंही पाडू शकतो. तुम्ही स्वतः छापलेला निबंधसुद्धा 'आधीचं ज्ञान' ठरू शकतो. म्हणून शोध पेटंटजोगा वाटला तर आधी अर्ज, मग निबंध. गाईडशी हे पहिल्याच वर्षी बोलून घ्या.

आणि वाडीतल्या त्या प्रश्नाला मी आता असं उत्तर देतो: पेटंट नाही, पण दूध कुठलं, किती आटवता, कधीपासून करता, हे लिहून ठेवा. उद्या जीआय मागायचं झालं तर हेच कागद लागतील. फक्त एक लक्षात असू द्या, जीआय एका दुकानाचं नसतं, तिथल्या सगळ्या उत्पादकांचं असतं. गुपित एकट्याने जपायचं की नाव सगळ्यांनी मिळून, हे आधी ठरवा.