नात्याच्या हिशेबाची कुळकथा

मधमाशी माणसाला डसते तेव्हा तिची नांगी कातडीत रुतून बसते. नांगीला उलटे काटे असतात. माशी उडायला जाते आणि नांगी, विषाची पिशवी, पोटाचा थोडा भाग मागेच राहतो. तुटलेली पिशवी त्यानंतरही विष सोडत राहते. माशी मात्र मरते. ही कामकरी माशी सहसा स्वतः अंडी घालत नाही. मग जीव देण्याचा हा गुण पुढच्या पिढीत उतरतो कसा?

डार्विनला या प्रश्नाने घोर लावला होता. वांझ कामकरी कीटक आपला सगळा सिद्धांत मोडीत काढतील ही धास्ती त्याने १८५९च्या ग्रंथात उघड मांडली. उत्तर त्याला भाजीच्या वाफ्यात सापडलं. चवदार भाजी शिजवली की ते रोप संपतं, पण माळी त्याच वाणाचं बी पुन्हा पेरतो. म्हणजे निवड कुळाचीही होते. फक्त नातं किती जवळचं हवं, हे मोजायला त्याच्याकडे आनुवंशिकतेचं गणित नव्हतं.

ते गणित १९५५ साली जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी एका लेखात मांडलं. बुडणाऱ्या मुलासाठी नदीत उडी घ्यायला लावणारं जनुक टिकेल का? मूल पोटचं असेल तर तेच जनुक त्याच्यातही असण्याची शक्यता निम्मी, म्हणून धोका बेताचा असेल तर टिकेल. प्रामाणिकपणे त्यांनी हेही नोंदवलं की, स्वतः दोनदा पाण्यातून माणसं ओढून काढली तेव्हा असला हिशेब करायला वेळच नव्हता. पुढे हाल्डेन भारतात आले, इथलेच झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

त्याच वर्षी विल्यम हॅमिल्टन या तरुण संशोधकाचा दोन भागांतला निबंध लंडनमधून प्रसिद्ध झाला. खोलीतला एकटेपणा सोसवेना, म्हणून तो वॉटर्लू स्टेशनच्या बाकावर बसून काम करी. त्याचा नियम एका ओळीचा: नात्याचा अंश गुणिले दुसऱ्याचा फायदा, हे आपल्या तोट्याहून जास्त भरलं तर परोपकार टिकतो. सख्खं भावंड निम्मं, भाचा-पुतण्या पाव, चुलत-मामे भावंड एक अष्टमांश.

मधमाश्यांत नर फलन न झालेल्या अंड्यातून होतो, त्यामुळे एकाच बापाच्या बहिणींचं नातं पाऊण भरतं, पोटच्या पोरांच्या निम्म्याहूनही जास्त. या पाऊणाने अभ्यासकांना भुरळ घातली, आणि इथेच लोक घसरले असं माझं मत आहे. राणीमाशी अनेक नरांशी मीलन करते, मग पाऊण उरतो कुठे? वाळवीत तर हा पाऊण मुळातच नाही, तरी तिच्यात कामकरी आहेत.

बंगळुरूचे राघवेंद्र गदगकर यांनी आपल्याकडच्या गांधीलमाश्यांवर अनेक दशकं काम केलं. या माश्यांच्या पोळ्यातही बहिणींचं नातं पाऊणापेक्षा कमीच निघालं. पण एकटीने पोळं थाटणारी मादी अळ्या मोठ्या होण्याआधी मेली, तर सगळंच बुडतं. समूहात राहिली, तर तिने अर्धवट वाढवलेल्या अळ्या दुसऱ्या जणी मोठ्या करतात. तिचे कष्ट वाया जात नाहीत.

म्हणून हॅमिल्टनचं सूत्र वाचताना नुसत्या नात्यावर अडू नका. फायदा आणि तोटा, या उरलेल्या दोन राशींतच बराचसा निकाल लागतो, आणि त्या घरट्याशी बसून मोजाव्या लागतात.